दोन अंशांच्या पाण्यातलं जस्त

आमच्या प्रकल्पाचा शेवटचा अहवाल गेला. सप्टेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२३, म्हणजे दोन वर्षं आणि वर एक महिना. बंद पडलेल्या खाणीतून वाहणाऱ्या पाण्यातले जड धातू कडाक्याच्या थंडीत जीवाणूंच्या मदतीने काढता येतात का, एवढाच प्रश्न होता. काम हाती घेतलं तेव्हा माझ्याकडे शोधनिबंधांचा गठ्ठा होता, पण पाइप कुठे गोठतो, आकडा कशाने खोटा येतो, परवानगीला किती महिने धरायचे, हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्यापैकी कुणी अशा कामात पडलं असेल तर त्यांना थोडा आधार व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

जागा कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमध्ये. व्हाइटहॉर्सहून गाडीने पाच तास. खाणीचं नाव देत नाही. चांदी, शिसं आणि जस्त काढून झालं, खाण बंद झाली, बोगदा तेवढा उरला आणि त्यातून पाणी वाहत राहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये मी पहिल्यांदा बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा पाणी बघून मला खरंच वाटलं की चुकीच्या जागी आणलंय. काचेसारखं स्वच्छ. खाणीचं पाणी म्हटलं की लालभडक, गंजाळलेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ते आम्लधर्मी पाणी असतं. गंधकयुक्त खनिजांना हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, लोखंड विरघळतं आणि तो रंग येतो. पण भोवतालचा खडक चुनखडीच्या जातीचा असेल तर तो आम्ल मारून टाकतो, लोखंड खाली बसतं आणि जस्त-कॅडमियम मात्र तसेच विरघळलेले राहतात. आमच्या पाण्याचा पीएच ६.८ होता, तापमान २.४ अंश आणि जस्त लिटरला ८ मिलिग्रॅम. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण माशांच्या कल्ल्यांना पुरेपूर कळतं.

तुलनेसाठी सांगते. कॅनडाच्या केंद्रीय नियमावलीत जुन्या खाणींसाठी जस्ताची मासिक सरासरी मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. कॅडमियमची तर गोष्टच वेगळी. जलचरांसाठीचा दीर्घकालीन मार्गदर्शक आकडा मृदू पाण्यात लिटरला ०.०४ मायक्रोग्रॅम इतका खाली जातो. पण प्रत्येक जागेचा पाणी परवाना स्वतःचे आकडे लिहितो, म्हणून नियमावलीच्या आधी परवाना वाचा, आणि तोही परिशिष्टांसकट.

त्या जागी चुन्याचं संयंत्र आधीपासून चालू होतं. चुना टाकून पीएच नऊच्या वर नेला की जस्त हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसतं. पद्धत खात्रीची आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण चुन्याचे ट्रक बारा महिने यावे लागतात, गाळ कुठेतरी साठवावा लागतो, आणि कडाक्याच्या थंडीत माणूस तिथे हजर लागतो. खाण बंद झाली तरी पाणी शेकडो वर्षं वाहू शकतं. तेवढी वर्षं ट्रक कोण पाठवणार, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून स्वस्थ बसू देत नव्हता.

दुसरा मार्ग सल्फेट खाणाऱ्या जीवाणूंचा. 'खाणाऱ्या' हा शब्द सैलपणे वापरतेय. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो तसे हे सल्फेट वापरतात आणि त्याचं सल्फाइड करतात. सल्फाइड जस्ताला भेटलं की जस्त सल्फाइड होऊन घट्ट बसतं. म्हणजे डोंगराच्या पोटात जे खनिज मुळात होतं, तेच आपण टाकीत परत करायचं. यातल्या बऱ्याच जीवाणूंना २० ते ३५ अंश मानवतात आणि आमचं पाणी दोन अंशांचं. भेटेल तो मान हलवायचा.

एक हिशेब मात्र मला धीर देत होता. आमच्या पाण्यात सल्फेट लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. ८ मिलिग्रॅम जस्त बसवायला त्यातलं जेमतेम १२ मिलिग्रॅम सल्फेट बदललं तरी पुरतं, कारण जस्ताचा अणुभार ६५ आणि सल्फेटचं रेणूवजन ९६. सगळं सल्फेट काढायचंच नव्हतं. शंभरातले तीन भाग. जीवाणू थंडीत दसपट हळू चालले तरी चालणार होतं, फक्त पाण्याला टाकीत पुरेसा वेळ थांबवायला हवं होतं. तुमच्या पाण्याचा हा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर मांडा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चार अंशांच्या शीतखोलीत चार नळकांडी उभी केली. खडी, लाकडाचे ढलपे आणि थोडा दलदलीचा चिखल. एक नळकांडं नुसत्या खडीचं, तुलनेपुरतं. डिसेंबरमध्ये आकडे आले आणि मी हादरले. नुसत्या खडीच्या नळकांड्यात मी तपासणीसाठी शुद्ध पाणी सोडलं होतं, त्यातही लिटरला ०.३ मिलिग्रॅम जस्त! आधी वाटलं प्रयोगशाळेची चूक. पुन्हा पाठवलं, तोच आकडा. खडी बदलली, नळ्या बदलल्या, दोन आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी बूच काढून हातात घेतलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काळं रबर. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. माझंच बूच माझ्या पाण्यात जस्त सोडत होतं. सगळी बुचं सिलिकॉनची बसवली आणि आकडा तळाला गेला. सहा आठवडे हातचे गेले. त्या दिवसापासून आमच्या कामात काळं रबर आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वर्ज्य. प्रत्यक्ष पाणी सोडण्याआधी अख्ख्या जोडणीतून शुद्ध पाणी फिरवा आणि ते तपासून घ्या. तपासणीचा खर्च वाया गेला असं अजिबात वाटू देऊ नका.

नळकांड्यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. दोन नळकांडी मी थेट थंडीत सुरू केली होती. नऊ आठवडे त्यांत काहीच घडलं नाही. तिसरं तीन आठवडे खोलीच्या उबेत ठेवून मग शीतखोलीत नेलं. त्याची गती मंदावली, पण काम थांबलं नाही. थंडीच्या दिवसांत विरजण लावायचं तर आपण भांडं उबेत गुंडाळून ठेवतो, तसंच हे. लागायला ऊब हवी. एकदा लागलं की थंडी सोसतं. पुढच्या सगळ्या वेळापत्रकाचा पाया हाच होता: टाकी जूनमध्ये सुरू करायची, नाहीतर वर्ष थांबायचं.

आणि जून गाठायचा तर परवानगी वेळेत हवी. युकॉनमध्ये १ एप्रिल २००३ पासून जमीन आणि पाण्याचा कारभार केंद्राकडून युकॉन सरकारकडे आला. पाण्याचे परवाने युकॉन वॉटर बोर्ड देतं, आणि मोठ्या कामांना त्याआधी पर्यावरणीय आणि सामाजिक-आर्थिक मूल्यमापनातून जावं लागतं. ते मूल्यमापन करणारं मंडळ वेगळं आहे. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की आमच्या टाकीतून निघालेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, ते परत चुन्याच्या संयंत्राच्या आवक तळ्यात टाकायचं. म्हणजे नवा विसर्ग नाही. तरी लेखी खुलासा द्यावाच लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पत्र गेलं, उत्तर फेब्रुवारीत आलं, तेही प्रश्नांच्या रूपात: टाकी फुटली तर काय, जीवाणूंचं खाद्य म्हणून लागणारं इथेनॉल कुठे ठेवणार, दलदलीतला चिखल किती उचलणार. चिखलाचा प्रश्न मला सुचलाही नव्हता. पाच बादल्या, असं लिहून दिलं. एप्रिलच्या शेवटी होकार आला. साधं पत्र असलं तरी सहा महिने धरून चाला, आणि प्रत्येक उत्तरासोबत एक नकाशा जोडा. आमचे दोन प्रश्न नुसत्या नकाशाने मिटले.

मार्चमध्ये त्या भागातल्या फर्स्ट नेशनच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या, प्रतिनिधींबरोबर बैठक झाली. जमीन-हक्कांबाबतच्या १९९३ च्या छत्र करारानंतर युकॉनमधल्या बहुतेक फर्स्ट नेशननी आपापले करार केले आहेत, आणि जमीन-पाण्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं ऐकणं हा उपचार नाही, हक्काचा भाग आहे. मी आलेख घेऊन गेले होते. एका वयस्कर बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "तुमचे जीवाणू मेले, तर खाली ओढ्याला ते कोण सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं. पुढच्या महिन्यात आम्ही आराखड्यात एक झडप वाढवली आणि ठरवलं की बाहेरचा प्रत्येक आकडा, चांगला असो की वाईट, आला त्याच दिवशी त्यांच्या पर्यावरण विभागाला जाईल. तो क्रम शेवटपर्यंत पाळला.

६ जून २०२२ ला कामाला हात लागला. पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या, बोगद्याजवळच्या लाकडी खोलीत. खोलीला फोमचं अस्तर होतं, पण हीटर नव्हता, कारण हीटर लावून मिळालेलं उत्तर कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. टाकीत खडी आणि स्प्रूसचे ढलपे. चिखल आम्ही बीव्हर या प्राण्याने बांध घालून अडवलेल्या एका डबक्यातून आणला. वरचा थर तपकिरी, आणि वीतभर खाली फावडं गेलं की काळाकुळीत, लोण्यासारखा मऊ, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या वासाने मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. वास म्हणजे सल्फाइड, आणि हे जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच थंडीत राहिलेले.

वासाबद्दल गंभीरपणे सांगायचंय. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो, आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे धोका टळला असं समजू नका. छातीशी लावायचा गॅस मापक पहिल्या दिवसापासून घ्या, आणि खोलीत एकटं जाऊ नका.

सात आठवडे आम्ही पाणी आतल्या आत फिरवत ठेवलं. या काळात सगळ्यांचा धीर सुटतो. खोलीत नवं काही दिसत नाही, आणि वरून फोन येतात की प्रवाह कधी सुरू करणार. मी रोज रेडॉक्सचा आकडा लिहायचे. हे मिलिव्होल्टमधलं माप; ऑक्सिजन संपत जातो तसं ते उणेकडे जातं, आणि या जीवाणूंना ते उणेच हवं असतं. सुरुवातीला अधिक १५०, मग शून्याजवळ तीन आठवडे अडलेला, आणि २० जुलैला उणे १८०. त्या रात्री झोप चांगली लागली. २६ जुलैला मिनिटाला ३५ मिलिलिटर प्रवाह सोडला. दिवसाला ५० लिटर, म्हणजे खडी-ढलप्यांमधल्या मोकळ्या जागेत पाणी साधारण आठ दिवस थांबणार.

पहिले काही आठवडे बाहेर येणारं पाणी चहासारखं होतं आणि त्यात मँगनीज, अगदी थोडं आर्सेनिकही वाढलं. घाबरू नका, पण लपवूही नका. ढलप्यांचा रंग धुतला जातो, आणि ऑक्सिजन संपला की खडीवरच्या लोहाच्या थरांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. सप्टेंबरपर्यंत ते उतरलं आणि जस्त ०.१ वर आलं.

मग माशांची चाचणी. रेनबो ट्राउटची पिल्लं आपल्या पाण्यात ९६ तास ठेवतात. निम्म्याहून जास्त मेली तर नापास. त्यासाठी बाटल्या पुरत नाहीत, डबेच्या डबे भरून पाठवावे लागतात. दहातले आठ मासे मेले. जस्त ०.१ असताना! मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते. कारण होतं उरलेलं सल्फाइड आणि पाण्यात नसलेला ऑक्सिजन. धातू काढणं म्हणजे पाणी जिवंत करणं नव्हे, हे मला त्या कागदाने सांगितलं. इथेनॉलची मात्रा मी सढळ हाताने ठेवली होती, ती निम्म्यावर आणली. शेवटी एक पायऱ्यापायऱ्यांचा पन्हळ बसवला, म्हणजे पाणी खळखळत हवेत मिसळेल. हिवाळ्यात तो उघड्यावर टिकणार नव्हता, म्हणून खोलीच्या आत हवेचा छोटा पंप लावला.

हिवाळा. इथे मी सर्वांत जास्त चुकले, म्हणून सावकाश सांगते.

जीवाणू हिवाळ्यात टिकले. टाकीच्या आत दीड अंश होतं, पण बोगद्यातून येणारं पाणी वर्षभर जवळपास तेवढंच थंड असल्यामुळे त्यांना मोठा धक्का बसला नाही. गोठतो तो पाइप. वाहतं पाणी सहसा तग धरतं, थांबलेलं पाणी तासाभरात जातं. म्हणून प्रत्येक पाइपला उतार द्या, पंप बंद पडला तर तो आपोआप रिकामा झाला पाहिजे. गरम करणारी विजेची पट्टी लावलीत तर तिचा दिवा बाहेरून दिसेल अशा जागी बसवा. आमचा दिवा खोलीच्या आत होता. १२ जानेवारी २०२३ ला, उणे ४३ असताना, तिचा खटका पडला आणि कुणाला कळलं नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपचा हातभर तुकडा, जिथे फोमचा जोड सुटला होता, तिथे बर्फाचं बूच बसलं. पंप मात्र चालूच. पाणी टाकीच्या झाकणातून वर आलं, भिंतीवरून उतरलं आणि जागच्या जागी गोठलं. संयंत्रावरच्या ऑपरेटरने फोन केला, "लवकर या, तुमच्या खोलीचा बर्फ झालाय." रस्ता मोकळा होऊन तिथे पोचायला दोन दिवस, बूच वितळवायला आणखी दोन.

पुन्हा सुरू केल्यावर जस्त १.८. सगळ्यांनी धरलं की जीवाणू मेले. मलाही तसंच वाटलं होतं. पण रेडॉक्स अजून खाली होता आणि वास होता. म्हणून आत जाणाऱ्या पाण्यात मीठ घालून बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली. आठ दिवसांनी यायचं ते मीठ तीन दिवसांच्या आत आलं. टाकीच्या कडेला बर्फ धरून सुटला होता आणि तिथे पाण्याने आडवाट काढली होती. आम्ही वरचे ढलपे दाबून बसवले, प्रवाह निम्मा केला, आणि फेब्रुवारीअखेर आकडा ०.४ वर आला. जीवाणूंना दोष देण्याआधी मिठाची परीक्षा घ्या, एका पिशवी मिठात होते.

नमुने घेण्याचंही थंडीत वेगळं तंत्र आहे. विरघळलेले धातू मोजायचे तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि मगच नायट्रिक आम्ल घालायचं. क्रम उलटला तर बसलेलं जस्त पुन्हा विरघळतं आणि आकडा खोटा येतो. उणे ३५ मध्ये गाळणी मिनिटात गोठते. मी सिरिंज आणि गाळण्या कोटाच्या आत, पोटाशी ठेवायचे आणि गाळण्याचं काम गाडीत, इंजिन चालू ठेवून करायचे. पीएच मापकाचं काचेचं टोकही तसंच अंगाशी. बाटली काठोकाठ भरू नका. आणि बाटली वाटेत गोठली तर तशी नोंद करा, कारण गोठताना पाण्यातून काही ना काही खाली बसतंच.

खर्चाचं बोलायचं तर टाक्या, पाइप, पंप मिळून सहा हजार कॅनेडियन डॉलरच्या आत भागलं. खरा खर्च प्रयोगशाळेचा. धातू, सल्फेट आणि बाकीचं धरून एका नमुन्याला सुमारे १८० डॉलर. दर पंधरवड्याला पाच नमुने: आत, मध्ये, बाहेर, एक दुहेरी (म्हणजे त्याच जागेचा दुसऱ्यांदा घेतलेला) आणि एक शुद्ध पाण्याचा. वर्षाचे साधारण तेवीस हजार. पैसे कमी पडले तेव्हा मला शेवटचे दोन गाळा असं सुचवलं गेलं. मी मधला गाळला. दुहेरी आणि शुद्ध पाण्याच्या नमुन्याशिवाय बाकीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि रबराच्या बुचानंतर मीही ठेवला नसता.

मे २०२३ मध्ये बर्फ वितळला. हिवाळाभर बोगद्याच्या भिंतींवर साठलेले क्षार वितळलेल्या पाण्याने धुऊन काढले आणि आत येणारं जस्त ८ वरून १५ वर गेलं. आमचा पंप ठरलेलंच पाणी घेत होता, तरी बाहेरचा आकडा तीन आठवडे ०.७ राहिला. शेजारी बोगद्यातला मूळ प्रवाह कित्येक पटींनी वाढलेला दिसत होता. माझं स्पष्ट मत सांगते: थंड प्रदेशातली खरी परीक्षा जानेवारीत नसते, मे महिन्यात असते. कुणी तुम्हाला हिवाळ्याचे सुंदर आकडे दाखवले तर मेचे मागा.

जूनमध्ये माशांची चाचणी पुन्हा केली. दहाच्या दहा जगले.

१९ जून २०२३ ला एक टाकी उघडली. वरचं पाणी उपसून हातमोजा घातलेला हात आत घातला. ढलपे काजळ फासल्यासारखे काळे, खडीवर बोट फिरवलं की गुळगुळीत काळा लेप. एक खडा बाहेर काढून पांढऱ्या ताटलीत ठेवला. आम्ही बोलत असतानाच त्याच्या कडा राखाडी, मग तपकिरी व्हायला लागल्या. हवा लागली की सल्फाइड पुन्हा सल्फेट होऊ पाहतं, आणि धरून ठेवलेलं जस्त सोडू लागतं. डोंगरात जे झालं तेच, ताटलीत. आम्ही खडा परत आत टाकला, टाकी पाण्याने भरली आणि झाकण लावलं.

त्या काळ्या थराचं काय करायचं, हे ठरवायला ऑगस्टमध्ये झिरपण चाचणी झाली, म्हणजे त्यातून धातू पाण्यात किती सुटतात ते पाहिलं. निकालांवरून अहवालात लिहिलं की तो पाण्याखालीच ठेवावा. मोठी टाकी बांधायची की नाही, हे आता परवानाधारक आणि फर्स्ट नेशन मिळून ठरवतील. आमची टाकी तिथेच आहे, भरलेली. संयंत्रावरचा ऑपरेटर महिन्यातून एकदा तिची एक बाटली भरतो, आणि आकडा आला की त्याच दिवशी पुढे जातो.